भिवंडीचं सांडपाणी आणि परसातला अळू

आजचा भाग सांडपाण्याच्या इतिहासावर आहे. नाक मुरडू नका, गोष्ट आपल्या परसातूनच सुरू होते.

कोकणात न्हाणीचं पाणी घरामागे सोडायचे आणि तिथे अळू, केळ, कर्दळ लावायचे. पाणी मुरायचं, भाजीही मिळायची. याला तंत्रज्ञान कुणी म्हटलं नाही.

1950 च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या शास्त्रज्ञ बाई प्लोनच्या माक्स प्लांक संस्थेत पाणवनस्पतींवर प्रयोग करत होत्या. घाण पाण्यात झाडं टिकणार नाहीत, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत होतं. झाडं टिकली, वर फिनॉलसारखं विषारी रसायनही कमी झालं. पुढे 1967 मध्ये नेदरलँड्समध्ये एल्बर्गजवळ, एका कॅम्पिंगच्या जागेच्या सांडपाण्यासाठी मोठी बांधीव पाणथळ जागा तयार झाली.

हे चालतं कसं? खाली पाणी न झिरपणारं अस्तर, त्यावर खडी, खडीत पाणकणीस किंवा कर्दळ. पाणी खडीतून हळूहळू सरकतं. झाडं पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा नेतात. खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू घाण खातात. म्हणजे खरं काम जिवाणूंचं, झाड त्यांना घर देतं.

आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी' संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' पद्धत विकसित केली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातही ती बसवली गेली.

मग भिवंडीत का नको? इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. कामवारी नदीत घरांचं सांडपाणी जातं, तसं डाइंगचं रंगीत पाणीही. आंघोळीचं, स्वयंपाकाचं, संडासाचं पाणी आधी टाकीत गाळ बसवून पाणथळीत सोडता येतं. डाइंगच्या पाण्याला मात्र आधी कारखान्यातच रासायनिक प्रक्रिया हवी. ते सगळं कर्दळीवर सोपवणं ही फसवणूक होईल.

दुसरी अडचण जागेची. माणशी साधारण एक-दोन चौरस मीटर तरी लागतात. म्हणून अख्खं शहर नाही, पण शाळा, सोसायटी, आजूबाजूची गावं यांना हे जमण्यासारखं आहे. आणि भराव टाकून गोदाम उभारायला निघालेली 'बिनकामाची' दलदल? ती आधीपासूनच हे काम फुकटात करत असते. एकदा बुजवली की तेच काम पैसे मोजून करून घ्यावं लागतं.

तुमच्या सोसायटीचं पाणी कुठे जातं, एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!