डेस्काची किल्ली कुणाकडे?



कापूस नाहीतर मका घेऊन तुम्ही कधी मोंढ्यात गेला असाल, तर जुन्या अडत दुकानातली गादी तुम्हाला आठवत असेल. पांढरी चादर, मागे तक्क्या आणि मुनीमजींच्या मांडीपुढे एक बुटकी, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. झाकणावर वही ठेवून मुनीमजी लिहायचे. झाकण उचललं की आत पैसे, पावत्या, शिक्के, दौत. आपल्या मालाची पट्टी त्याच झाकणावर लिहिली जायची. या पेटीला आपल्याकडे डेस्क म्हणतात. आज या डेस्काचा इतिहास सांगते. वस्तू लाकडाची आहे, पण तिच्यात आपली जमीन, आपलं कर्ज आणि आपलं नाव कोंडलेलं असायचं.

आधी एका शब्दाची गंमत. आपल्या बचत गटात सचिव असते, तिला कुणी सेक्रेटरीही म्हणतं. सेक्रेटरी हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ गुपित. म्हणजे धन्याची गुपितं सांभाळणारा तो सेक्रेटरी. आपल्याकडे त्यालाच चिटणीस म्हणत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी होते, हे तुम्ही ऐकलं असेल. इंग्रजीत मात्र सेक्रेटरी हे नाव माणसावरून लाकडी सामानालाही लागलं. गुपितं ठेवायचं आणि लिहायचं जे कपाट, ते सेक्रेटरी डेस्क.

अठराव्या शतकात अमेरिकेत बोस्टन, न्यूपोर्ट, फिलाडेल्फिया या शहरांतले सुतार हे डेस्क बनवत. आपलं डेस्क बसून लिहायचं, त्यांचं खुर्चीवरून. खाली मोठे खण, वर पुस्तकांचं कपाट आणि मधे एक तिरपी फळी. ती पुढे पाडली की लिहायला मेज तयार. फळीमागे कबुतरांच्या खुराड्यासारखे छोटे छोटे कप्पे. तेव्हा कागदाची घडी घालून, वर नाव लिहून तो कप्प्यात ठेवत. आपल्याकडे तेच कागद कापडी रुमालात बांधत. त्या गठ्ठ्यांचं दप्तर व्हायचं. आज लेकरं शाळेत नेतात त्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो, तो शब्द या कचेरीतून आला.

पुढे व्यापार वाढला, कागद वाढले. १८७४ साली इंडियानापोलिस शहरातल्या विल्यम वूटन या माणसानं एका मोठ्या डेस्काचं पेटंट घेतलं. दोन्ही बाजूंची जाड दारं उघडली की आत शंभरएक कप्पे दिसायचे. दारं मिटून एक कुलूप लावलं की सगळा धंदा बंद. मालकाशिवाय कुणाला एक चिठ्ठी दिसणार नाही. मोठमोठ्या धनिकांनी ती डेस्कं घेतली.

आता त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे काय झालं ते ऐका. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी तिथं जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं पेटली. पण शेतकऱ्यांनी सगळ्यात आधी मागितले ते कागद. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या हाती आल्या की त्यांची होळी केली. हे लोण आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

शेतकरी कागदावर का चिडले? कारण कागदावर अंगठा त्यांचा होता, पण कागद सावकाराच्या डेस्कात होता. किती दिले, किती फेडले, व्याज किती चढलं, हे फक्त एका वहीत होतं आणि ती वही वाचता येत नव्हती. परतफेडीची पावती मिळत नव्हती. चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पैसे भरले की लेखी पावती मागायचा, वर्षाचा हिशेब मागायचा आणि पासबुकात नोंद करून घ्यायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आज गटाच्या बैठकीत तुम्ही आपलं पासबुक उघडून सही बघता ना, त्या हक्कामागे ही होळी आहे.

मग ही डेस्कं गेली कुठं? टाइपरायटर आला. कागद घडी न घालता सपाट ठेवायची पद्धत आली, फायली आल्या, लोखंडी कपाटं आली. अमेरिकेत खुराड्यांचे कप्पे निकामी झाले, आपल्याकडे मुनीमजींची गादी जाऊन टेबलखुर्ची आली. जुनी डेस्कं माळ्यावर गेली, नाहीतर चुलीत.

काहींनी मात्र ती जपली. प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राऊन या व्यापाऱ्यासाठी न्यूपोर्टमध्ये बनवलेलं एक डेस्क १९८९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. पण जपणं म्हणजे लिलावच असं नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास घरातल्या साध्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, खेळणी. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी राजा केळकर संग्रहालय उभं केलं. त्यात आज २०,००० च्या वर वस्तू आहेत. आपल्या पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून सरकारी संग्रहालय झालं. सहलीला जाल तेव्हा जरूर बघा.

एक घरची गोष्ट सांगते. माझ्या आजेसासऱ्यांचं शिसवी डेस्क होतं. आजेसासूबाई रोज सकाळी ते पुसायच्या, दिवाळीत त्याला हळदकुंकू वाहायच्या. पण किल्ली आजोबांच्या जानव्याला. त्यात काय आहे, हे त्यांनी जन्मात पाहिलं नाही. आजोबा गेल्यावर कागदांसकट ते डेस्क भंगारात गेलं. पुढे बांधाचा वाद निघाला आणि जुनं वाटणीपत्र हवं झालं. ते त्याच डेस्कात होतं म्हणे. आजेसासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी लाकूड पुसत बसले गं, कागद पाहिलाच नाही."

म्हणून बायांनो, घरात जुनं डेस्क, पेटी, संदूक असेल तर विकायच्या आधी चार गोष्टी करा. पहिली, सगळे कप्पे काढून मागे हात घाला. जुन्या डेस्कात बऱ्याचदा चोरकप्पा असतो. दुसरी, मोडी किंवा उर्दू कागद सापडले तर वाचता येत नाहीत म्हणून फेकू नका. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनं सरकारी दप्तर उर्दूत सापडतं. २०२३ साली सरकारनं निजामकाळातल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुन्या कागदाची किंमत गावोगाव कळली. तिसरी, लाकूड घासून नवं पॉलिश करू नका. खणाच्या कोपऱ्यातली दातांची जोड लहानमोठी, हातानं कापलेली दिसली तर वस्तू जुनी असण्याचा संभव जास्त. चौथी, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू परदेशी विकायला नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. दारावर आलेला माणूस घाई करत असेल तर त्याला उद्या यायला सांगा.

आणि शेवटचं. तुमच्या गटाची पत्र्याची पेटी हेच तुमचं डेस्क. ती उघडेल तेव्हा सगळ्याजणी समोर असाव्यात, वही मोठ्यानं वाचली जावी. जिला वाचता येत नाही तिच्याशेजारी वाचणारी बसावी. आणि घरी गेल्यावर विचारा, सातबारा कुठं आहे, घराचे कागद कुठं आहेत, किल्ली कुणाकडे आहे. एकदा तरी ते कागद हातात घेऊन बघा. त्यावर तुमचं नाव आहे का, तेही बघा.