पॅलेसमधील दंगल आणि तिचा माहितीपट

एखादी गोष्ट जितक्या अधिक डोळ्यांनीं पाहिली असेल तितकी ती निर्विवाद, असा सर्वसाधारण समज आहे. ता. १९ नोव्हेंबर २००४ च्या रात्रीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, ऑबर्न हिल्स येथील ‘पॅलेस’ या क्रीडागृहांत जें घडलें तें असंख्य लोकांनीं दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हां पाहिलें. परंतु पाहणें निराळें आणि समजणें निराळें. फ्लॉइड रस यांनीं दिग्दर्शित केलेला, २०२१ च्या ऑगस्टमध्यें नेटफ्लिक्सवर आलेला माहितीपट आम्हीं पाहिला तो याच कुतूहलानें.

इंडियाना पेसर्स व डेट्रॉइट पिस्टन्स या बास्केटबॉल संघांचें वैर नवें नव्हतें. आदल्या हंगामांत इंडियानानें सर्वांहून अधिक, म्हणजे ६१ सामने जिंकले होते. तरी पूर्व विभागाच्या अंतिम फेरींत डेट्रॉइटनेंच त्यास हरविलें व पुढें अजिंक्यपदही मिळविलें. त्या रात्रीं मात्र इंडियाना ९७-८२ असें पुढें होतें आणि अवघे ४५.९ सेकंद उरले होते. निकाल ठरल्यासारखा असतांना रॉन आर्टेस्टनें बेन वॉलेस यास जोराचा फटका मारला. वॉलेसनें त्यास दोन्ही हातांनीं ढकललें. धक्काबुक्की निवळत आली, तोंच आर्टेस्ट गुणलेखकांच्या टेबलावर जाऊन आडवा झाला. हा आत्मसंयम म्हणावा कीं उद्धटपणा, याविषयीं मतें भिन्न असणारच. आमच्या मतें त्यांत दोन्ही होतें. इतक्यांत प्रेक्षकांतून पेयाचा एक पेला येऊन त्याच्या अंगावर पडला. तो उठला, थेट खुर्च्यांत शिरला, आणि त्यानें पकडला तो भलताच मनुष्य! फेंकणारा वेगळाच होता. स्टीफन जॅक्सन मित्राच्या पाठोपाठ आंत धांवला. कांहीं प्रेक्षक खालीं मैदानांत उतरले. जर्मेन ओ’नीलनें त्यांतील एकावर धांवत ठोसा उगारला, पण ओल्या जमिनीवर त्याचा पाय घसरला. तो घसरला नसता तर काय झालें असतें, याची कल्पनाही नको वाटते. सामना तेथेंच थांबविण्यांत आला.

संघटनेचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनीं नऊ खेळाडूंस मिळून १४६ सामन्यांची बंदी घातली. आर्टेस्टचा उरलेला सबंध हंगाम गेला, जॅक्सनचे ३० सामने गेले. ओ’नीलची २५ सामन्यांची शिक्षा लवादानें १५ वर आणली. निर्णय एकमतानें झाला काय, असें विचारतां स्टर्न यांनीं एक विरुद्ध शून्य अशा मतांनीं झाला असें उत्तर दिलें. विनोद बरा आहे. पण न्यायाधीश व फिर्यादी एकच असल्याची ती कबुलीही आहे. पुढें पांच खेळाडूंवर व पांच प्रेक्षकांवर खटले झाले. तथापि लोकांच्या मनांत ‘गुंड’ ठरले ते खेळाडूच. ते बहुतेक कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट त्या शब्दापासून वेगळी काढतां येत नाहीं. २००५ मध्यें संघटनेनें खेळाडूंच्या पोषाखाचे नियम केले, त्यांचा संबंधही अनेकांनीं या रात्रीशीं जोडला.

माहितीपटाचा ओढा मुख्यतः इंडियानाच्या खेळाडूंकडे आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु बातम्यांनीं जेथून चित्र सुरू केलें त्याच्या आधींचे क्षण तो दाखवितो, निरनिराळ्या कोनांतून तीच घटना पुढें मांडतो, आणि बंदोबस्त किती तोकडा होता तें उघड करतो. ठोशाचें समर्थन यांतून होत नाहीं. ठोसा कोठून आला तें मात्र कळतें.

सर्वांत हळहळ वाटते ती रेगी मिलरबद्दल. हात दुखावल्यामुळें तो त्या रात्रीं खेळतही नव्हता. अठरा हंगाम एकाच संघाकडून खेळलेल्या या गृहस्थाची अजिंक्यपदाची अखेरची आशा या संघावर होती. दुबळ्या झालेल्या इंडियानास २००५ मध्यें पुन्हां डेट्रॉइटनेंच बाहेर काढलें, व मिलर अजिंक्यपदाविना निवृत्त झाला. आर्टेस्टला तें २०१० मध्यें लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडून लाभलें. पुढच्याच वर्षीं त्यानें कायद्यानें आपलें नांव बदलून ‘मेटा वर्ल्ड पीस’, म्हणजे जागतिक शांति, असें घेतलें. ‘पॅलेस’ची इमारत २०२० च्या जुलैंत सुरुंग लावून पाडण्यांत आली.