अकोल्याची बँक आणि न्यूकॅसलची रांग

माझी आत्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांपैकी चार लाख रुपये तिने गावातल्या एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. व्याज अर्धा टक्का जास्त, शिवाय मॅनेजर तिचाच जुना विद्यार्थी. २०१४ साली एका सकाळी बँकेच्या दारावर नोटीस लागली. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले होते आणि हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढायची सोय उरली नव्हती.

मी तेव्हा नुकताच इंग्लंडला आलो होतो. फोनवर आत्याने विचारलं, "अरे, तुमच्याकडे असं होत नाही ना रे?"

मी ठोकून दिलं, "छे गं, इकडे पार्लमेंट लक्ष ठेवतं बँकांवर."

"मग आपल्याकडे काय पार्लमेंट नाही?"

शिक्षिकाच ती! मला उत्तर देता आलं नाही. मी पडलो कॉम्प्युटरवाला, अर्थशास्त्राशी संबंध पगारापुरता. पण हा प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढे जमेल तसं वाचत गेलो. वाचल्यावर कळलं की मी आत्याला जे सांगितलं ते अर्धंच खरं होतं.

पहिला धक्का असा, की ठेवींना विम्याचं संरक्षण देण्यात भारत ब्रिटनच्या वीस वर्षं पुढे होता. अमेरिकेने महामंदीत १९३३ साली असा कायदा केला. त्यानंतर देशभर अशी योजना आणणारा देश म्हणजे भारत. आणि त्यामागे आपल्या विदर्भातली एक बँक आहे! १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक, अशा दोन बँका बुडाल्या. लोक घाबरले, इतर बँकांतूनही पैसे काढू लागले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. २१ ऑगस्ट १९६१ ला ठेव विमा विधेयक संसदेत आलं, ७ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. प्रत्येक ठेवीदाराला संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. आज हसू येईल, पण त्या काळी सामान्य घराची पुंजी त्यात बसत होती.

ब्रिटनमध्ये मात्र 'आमच्या बँका बुडत नाहीत' अशी समजूत होती. १९७३ ते ७५ दरम्यान बऱ्याच लहान बँका अडचणीत आल्या, तेव्हा कुठे १९७९ चा बँकिंग कायदा झाला. ठेव संरक्षण निधी उभा राहायला १९८२ उजाडलं. तोही कसा? पहिल्या १०,००० पौंडांच्या ७५ टक्के. उरलेले २५ टक्के ठेवीदाराने सोसायचे, म्हणजे तो डोळे उघडे ठेवून बँक निवडेल, असा हिशेब. आता सांगा, माझ्या आत्याने बँकेचा ताळेबंद वाचून ठेव ठेवायची होती की काय?

या हिशेबाची परीक्षा झाली सप्टेंबर २००७ मध्ये. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. टीव्हीवर पाहिलेल्या रांगा अजून आठवतात. न्यूकॅसलच्या नॉर्दर्न रॉक बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी १३ तारखेला रात्री फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शाखांसमोर रांगा लागल्या. १८६६ नंतर ब्रिटनमध्ये एखाद्या बँकेवर अशी झुंबड उडाली नव्हती.

रांगेतली माणसं वेडी नव्हती. त्यावेळी नियम असा होता: पहिले २,००० पौंड पूर्ण सुरक्षित, पुढच्या ३३,००० चे ९० टक्के. म्हणजे कितीही ठेव असली तरी जास्तीत जास्त ३१,७०० पौंड, आणि तेही कधी मिळणार याचा भरवसा नाही. ज्याचे ३५,००० पौंड होते त्याने ३,३०० गमावण्यापेक्षा दोन-चार तास रांगेत काढले, तर त्याचं काय चुकलं? १७ सप्टेंबरला अर्थमंत्री ॲलिस्टेर डार्लिंग यांनी सरकारची पूर्ण हमी दिली, तेव्हा रांगा विरल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये बँक सरकारच्या ताब्यात गेली.

इथे पार्लमेंटचं काम सुरू झालं. हाउस ऑफ कॉमन्सच्या ट्रेझरी कमिटीने, जॉन मॅकफॉल यांच्या अध्यक्षतेखाली, बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर, नियामक संस्थेचे अधिकारी, बँकेचे संचालक आणि स्वतः अर्थमंत्री, सगळ्यांना समोर बसवून जाहीर प्रश्न विचारले. जानेवारी २००८ च्या अहवालात कमिटीने मुख्य दोष संचालकांना दिला आणि नियामक संस्थेलाही सोडलं नाही. ठेवीदाराला पैसे लवकर मिळाले पाहिजेत, यावरही तिने जोर दिला. हे मला आमच्या धंद्यातल्यासारखं वाटतं. बॅकअप आहे का, हा अर्धा प्रश्न. तो किती वेळात परत चालू होईल, हा खरा प्रश्न.

ऑक्टोबर २००७ मध्येच मर्यादा ३५,००० पौंड झाली होती, तीही पूर्ण. २००८ मध्ये ५०,०००, २०१० च्या शेवटी ८५,०००, मध्ये वर्षभर ७५,०००, पुन्हा ८५,००० आणि १ डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंड. बहुतेकांना सात दिवसांत पैसे देण्याचं उद्दिष्ट आहे.

पण पार्लमेंट असलं म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. त्याच २००७ साली बँकांच्या दंडावरून इथे रान पेटलं होतं. खात्यात पैसे कमी पडले, एक चेक परत गेला, की तीसेक पौंड दंड. हजारो लोकांनी पैसे परत मागितले. ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने आठ बँका व सोसायट्यांविरुद्ध दावा लावला, पण २५ नोव्हेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. हा दंड म्हणजे खात्याच्या किमतीचाच भाग, तो वाजवी आहे का हे त्या नियमांखाली तपासता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. हे ठरावीक दंड बंद व्हायला एप्रिल २०२० उजाडलं.

आपल्याकडेही हा प्रश्न संसदेत आला. सरकारी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल पाच वर्षांत सुमारे ८,५०० कोटी रुपये दंड घेतल्याचं उत्तर जुलै २०२४ मध्ये मिळालं. पुढच्याच वर्षी अनेक सरकारी बँकांनी हा दंड रद्द केला. विचारल्याशिवाय आकडा बाहेर येत नाही, हे खरं.

आणि ठेव विमा? वीस वर्षं आघाडी घेतलेले आपण नंतर झोपलो. १९९३ साली ठरलेली एक लाखाची मर्यादा २०२० पर्यंत तशीच राहिली. शिवाय निर्बंध असेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. बँक अधिकृतपणे बुडाली तरच. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आले, तेव्हा सरकार हललं. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद झाली.

आत्याची बँक या दोन्हींच्या आधी बुडाली. तिला चार वर्षांनी एक लाख मिळाले. उरलेल्या तीन लाखांचं पासबुक तिने अजून कपाटात जपून ठेवलंय. आज तीच बँक बुडाली असती तर पूर्ण रक्कम तीन महिन्यांत हातात आली असती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. निदान पुढच्यांना तरी मिळेल."

मंडळी, या दिवाळीत दोन कामं करा. आपली इथली खाती कोणत्या परवान्याखाली आहेत ते बघा. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड ही नावं दोन, पण परवाना एकच, म्हणून मर्यादाही एकच. आणि घरी फोन कराल तेव्हा फराळाच्या गप्पा झाल्या की आईवडिलांना विचारा, एका बँकेत पाच लाखांच्या वर किती आहेत? लक्ष्मीपूजन करतोच आपण. तिची चौकशीही करायला हवी.