शैलचित्रांतील रंगद्रव्य-विश्लेषण

प्रागैतिहासिक शैलाश्रयांतील चित्रांच्या रंगांचे खनिज व रासायनिक घटक ओळखण्याची पद्धती. भारतातील सर्वांत जुना धागा वाराणसीजवळच्या मिर्झापूर परिसरातला : १८६७-६८ मध्ये आर्चिबाल्ड कार्लाइल यांना शैलाश्रयांत घासून पैलू पडलेले गेरूचे तुकडे सापडले, तो अंशतः विघटित हेमॅटाइट असल्याचे त्यांनी नोंदविले. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या शैलाश्रयांतही (पहा : भीमबेटका) तांबडा व पांढरा हेच प्रमुख रंग. रामन वर्णपटमितीने चित्र न खरवडता खनिज ओळखता येते, क्ष-किरण अनुस्फुरणाने मूलद्रव्ये. कालनिश्चिती मात्र खरोखर कठीण : गेरूत सहसा सेंद्रिय कार्बन नसतो, त्यामुळे कार्बन-१४ पद्धत (पहा : किरणोत्सर्गी कालमापन) कोळशाच्या काळ्या रंगालाच थेट लागू पडते. चित्रावर साचलेल्या ऑक्झलेट थरावरून किमान वय काढता येते.