ताबापूर्व व्याज

बांधकाम चालू असलेल्या घराच्या कर्जावर, मूळ मासिक हप्ता सुरू होण्यापूर्वी भरावे लागणारे व्याज. व्यवहारात यास ‘प्री-ईएमआय’ म्हणतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आणि कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वस्त्यांत इमारत उभी राहण्याआधीच घर नोंदवणारी नोकरदार कुटुंबे पुष्कळ असल्याने, तेथे या व्याजाचा भार विशेष जाणवतो.

आकारणी : बँक मंजूर कर्ज एकरकमी देत नाही. जोते, स्लॅब, वीटकाम अशा टप्प्यांवर विकासकाचे मागणीपत्र येते आणि तेवढी रक्कम त्याला अदा होते. व्याज अदा रकमेवरच लागते. मुद्दल मात्र फिटत नाही. उदा., ३० लाखांपैकी १८ लाख रुपये साडेआठ टक्के दराने अदा झाले असल्यास महिन्याचे व्याज १२,७५० रुपये होते. काम तेथेच तीन वर्षे अडले, तर ४,५९,००० रुपये भरूनही १८ लाख तसेच राहतात. शिवाय राहत्या जागेचे भाडे सुटत नाही.

इतर आकार : बांधकामाधीन घरावर ५ टक्के, परवडणाऱ्या घरावर १ टक्का वस्तू व सेवा कर लागतो. मुद्रांक शुल्क आणि कमाल ३०,००० रुपये नोंदणी शुल्क वेगळे. यासाठी अनेक जण वैयक्तिक कर्ज काढतात. त्याचा दर गृहकर्जापेक्षा चढा असतो.

दाद : स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १८ नुसार ताबा लांबल्यास ग्राहक व्याजासह परतावा मागू शकतो किंवा ताब्यापर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. महाराष्ट्रात या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (निधीच्या सीमांत खर्चावर आधारित कर्जदरापेक्षा) दोन टक्के अधिक असतो. ग्राहकाने विकासकाचा हप्ता थकवल्यास त्यालाही तोच दर लागू होतो. विकासकाने आदेश पाळला नाही, तर महारेराच्या (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) अधिपत्रावरून जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात.

डोंबिवली प्रकरण : कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर ६५ इमारतींची महारेरा नोंदणी झाल्याचे उघड झाले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे अनेक कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढून घरे घेतली होती. इमारत बेकायदा ठरली म्हणून कर्ज आपोआप रद्द होत नाही. बँकेशी केलेला करार चालूच राहतो. म्हणून महारेरा क्रमांक वा बँकेची मंजुरी एवढ्यावर न थांबता, कर्जाची पहिली रक्कम विकासकाला अदा होण्यापूर्वी बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घेणे अत्यावश्यक ठरते.