‘पीआरएन’ नावाचे फोल्डर का होत नाही?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेतील एक विद्यार्थिनी संगणकावर काम करीत होती. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायम नोंदणी क्रमांक मिळतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘पीआरएन’ म्हणतात. या क्रमांकांच्या वर्गवार याद्या एका जागी ठेवायच्या म्हणून तिने एक नवे फोल्डर उघडले आणि त्याला साहजिकच नाव दिले : पीआरएन.

संगणकाने नकार दिला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मोठ्या लिपीतली अक्षरे वापरून पाहिली, मग छोट्या लिपीतली. संगणक बंद करून परत सुरू केला. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “अगं, एक साधं फोल्डर करता येत नाही का तुला?” मी तिथे पोचलो तेव्हा ती रडवेली झाली होती. म्हणाली, “सर, माझंच काहीतरी चुकतंय.”

मी काय केले? “दुसरं काहीतरी नाव दे,” एवढेच सांगितले. तिने ‘पीआरएन यादी’ असे नाव दिले आणि काम झाले. असे का झाले, हे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. खरे म्हणजे मला ते ठाऊकच नव्हते.

याच जातीचा एक निरोप काही वर्षे ई-मेलमधून आणि नंतर मोबाईलवरून फिरत असे. ‘कॉन’ (सी-ओ-एन) या नावाचे फोल्डर संगणकावर तयारच होत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला आणि खुद्द बिल गेट्सनाही याचे कारण सांगता आले नाही, असे त्यात म्हटलेले असे. यातली पहिली गोष्ट खरी आहे. विंडोजवर या नावाचे फोल्डर होत नाही. बाकीची मात्र दंतकथा आहे. कारण पूर्णपणे ठाऊक आहे. ते शोधायला आपल्याला सुमारे पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

आधी धागा हाती घेऊ. त्या दिवशी पडद्यावर आलेला संदेश असा होता : तुम्ही दिलेले उपकरणाचे नाव अवैध आहे. आम्ही कुणीच तो नीट वाचला नव्हता. मुलगी नाव देत होती फोल्डरला. मग त्यात उपकरण कुठून आले?

१९७४ साली गॅरी किल्डॉल नावाचे एक प्राध्यापक अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत शिकवीत होते. इंटेल कंपनीची ८०८० ही सूक्ष्मप्रक्रियक चकती नुकतीच निघाली होती. तिच्यावर चालणाऱ्या छोट्या संगणकांसाठी किल्डॉल यांनी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तिचे नाव सीपी/एम. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणती फाईल कुठे ठेवायची, की-बोर्डवरून आलेले अक्षर कुणाला द्यायचे, छापायचा मजकूर कुठे पाठवायचा, हे सगळे ती पाहते.

त्या काळातल्या संगणकाला चार प्रकारची उपकरणे जोडलेली असत, असे सीपी/एममध्ये गृहीत धरलेले होते. माणूस ज्याच्यासमोर बसतो तो कन्सोल, भोके पाडलेली कागदी पट्टी वाचणारे यंत्र, तशी भोके पाडणारे यंत्र आणि छपाईयंत्र. प्रत्येकाला तीन अक्षरी नाव होते. कन्सोलचे नाव ‘कॉन’. या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे, म्हणजे कोलन, द्यायचे. कोलन असले की उपकरण, नसले की फाईल. इथवर काहीच घोटाळा नव्हता.

पुढे १९७८ मध्ये इंटेलची ८०८६ ही अधिक ताकदीची चकती आली. सिअ‍ॅटल परिसरातील सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स ही लहानशी कंपनी तिच्यावर आधारलेले संगणकाचे भाग विकू लागली. पण या चकतीसाठी सीपी/एमची नवी आवृत्ती काही लवकर येईना. ऑपरेटिंग सिस्टीम नसलेला संगणक कोण घेणार? शेवटी १९८० मध्ये कंपनीतील टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने स्वतःच एक लिहून काढली. तिचे सुरुवातीचे नाव होते ‘क्यूडॉस’. त्याचा अर्थ साधारण ‘घाईघाईने उरकलेली, ओबडधोबड ऑपरेटिंग सिस्टीम’ असा. नावात काहीच लपवलेले नव्हते! मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये तिचे सर्व हक्क विकत घेतले आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी जाहीर झाला, तेव्हा त्याच्याबरोबर ती ‘डॉस’ म्हणून आली.

सीपी/एमवरच्या आज्ञावली फारसा बदल न करता डॉसवर आणता याव्यात, हा पॅटरसन यांचा हेतू होता. म्हणून बऱ्याच गोष्टी त्यांनी तशाच ठेवल्या. फाईलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांचे शेपूट, हा नियम तिथूनच आला. उपकरणांना नावे देण्याची पद्धतही तिथलीच. मात्र एक महत्त्वाचा बदल झाला. डॉसमध्ये उपकरणाच्या नावापुढे कोलन देण्याची सक्ती राहिली नाही.

हा बदल सोयीचा होता. एखादी आज्ञावली विचारते, “निकाल कोणत्या फाईलीत लिहू?” तुम्ही फाईलीच्या नावाऐवजी नुसते ‘पीआरएन’ लिहायचे, की निकाल थेट प्रिंटरवर छापून येणार. होय, पीआरएन म्हणजे प्रिंटर! आज्ञावली लिहिणाऱ्याला छपाईची वेगळी सोय करावी लागत नसे. तिला वाटे की आपण फाईलीतच लिहितो आहोत. काही आज्ञावली दिलेल्या नावाला आपणहून तीन अक्षरांचे शेपूट जोडीत. त्यामुळे काम अडू नये म्हणून शेपूट असले तरी डॉस ते नाव प्रिंटरचेच समजत असे.

१९९० च्या सुमारास ज्यांनी संगणकाचे वर्ग केले असतील, त्यांना ‘कॉपी कॉन’ ही आज्ञा आठवत असेल. ती देऊन पुढे फाईलचे नाव लिहायचे, मग मजकूर टंकित करायचा आणि शेवटी कंट्रोल व झेड या कळा दाबायच्या. नवी फाईल तयार! आपण ती मंत्रासारखी पाठ केली होती. तिचा अर्थ एवढाच होता की, कन्सोलवरून, म्हणजे की-बोर्डवरून, जे येईल ते या फाईलीत उतरवून घे.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. उपकरणांची नावे राखीव ठेवायची, तर ती एखाद्या वेगळ्या कप्प्यात का ठेवली नाहीत? प्रश्न योग्य आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये नेमके तसेच केलेले आहे. तिथेही उपकरण हे फाईलीसारखेच वापरता येते. पण उपकरणांच्या फाईली ‘डेव्ह’ नावाच्या एका डिरेक्टरीत असतात. बाहेर तुम्ही कोणतेही नाव वापरा, आडकाठी नाही.

पहिल्या डॉसमध्ये मात्र डिरेक्टरी हा प्रकारच नव्हता आणि त्यालाही कारण होते. पहिल्या पीसीची फ्लॉपी १६० किलोबाईटची होती. तिच्यावर जास्तीत जास्त ६४ फाईलींची नोंद मावत असे. चौसष्ट नावांची एकच यादी. तिला कप्पे कशाला हवेत? वीस मुलांच्या शाळेत आपण तुकड्या पाडतो का? उपकरणांची नावे त्या एकाच यादीत धरली गेली.

मार्च १९८३ मध्ये परिस्थिती बदलली. आयबीएमच्या नव्या एक्सटी संगणकात १० मेगाबाईटची हार्ड डिस्क आली, म्हणजे जवळजवळ ६४ फ्लॉप्यांचा ऐवज एका जागी. आता कप्प्यांवाचून भागेना. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टरी आल्या. नावे एका कप्प्यात हलवण्याची हीच वेळ होती आणि तशी एक सोय खरोखरच करून पाहिली गेली. एका फाईलीत एक ओळ लिहिली की उपकरणांची नावे फक्त ‘डेव्ह’ या कप्प्यातून ओळखली जात. पण ती सोय टिकली नाही. कारण दीड वर्षात हजारो लोकांच्या आज्ञावली तयार झाल्या होत्या आणि त्यांत नुसते ‘पीआरएन’ लिहिलेले होते. नियम बदलला असता, तर प्रिंटरवर छापून येणारा अहवाल अचानक ‘पीआरएन’ नावाच्या फाईलीत जाऊन बसला असता. म्हणून ठरले की ही नावे प्रत्येक कप्प्यात राखीव राहतील. एका यादीसाठी केलेला नियम असा शेकडो कप्प्यांना लागू झाला.

त्यानंतर घर अनेकदा नव्याने बांधले गेले. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली. तिचा गाभा पूर्ण नवा होता आणि त्या गाभ्याला ‘पीआरएन’ या नावाचे वावडे नाही. पण जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून गाभ्याच्या वरच्या थरात तीच जुनी बंदी ठेवली गेली. १९९५ च्या विंडोजमध्ये २५५ अक्षरांपर्यंत लांब नावे देता येऊ लागली, तरी ही तीन अक्षरे मिळेनात. या वारशाची किंमतही मोजावी लागली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ‘कॉन’च्या आत ‘कॉन’ असा पत्ता उघडायला सांगितला, की अख्खा संगणक कोलमडत असे. दुसऱ्याच्या संगणकाला खोडी काढून पाडण्यासाठी याचा उपयोग करता येई. २००० साली मायक्रोसॉफ्टला त्यावर दुरुस्ती काढावी लागली.

आता मागे वळून पाहा. यात मूर्खपणा कुणी केला? किल्डॉल यांचे कोलन ठीक होते. पॅटरसन यांनी केलेली सोय उपयोगाची होती. चौसष्ट फाईलींना कप्पे नसणेही योग्यच. जुन्या आज्ञावली मोडू द्यायच्या नाहीत, हा विचार तर लोकांच्या भल्याचाच होता. प्रत्येक पायरी आपापल्या जागी शहाणपणाची. तरीही त्या सर्वांचा मिळून त्रास झाला तो तीस-चाळीस वर्षांनंतर एका कार्यालयात बसलेल्या मुलीला, जिने कागदी पट्टी वाचणारे यंत्र कधी पाहिलेही नव्हते. संगणकाचे दोष असे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जातात आणि वापरणाऱ्याला मात्र ती आपली चूक वाटते.

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहा. विंडोज असलेल्या संगणकावर मुलांना नवे फोल्डर करून इंग्रजीत वेगवेगळी नावे द्यायला सांगा : पेन, पीआरएन, कॉन, ऑक्स (ए-यू-एक्स), नल (एन-यू-एल), कॉम १, कॉम १०, एलपीटी १. अक्षर आणि अंक यांमध्ये जागा सोडू नका. कोणती नावे स्वीकारली गेली आणि कोणती नाही, याचा तक्ता करा. नाकारलेल्या नावांत साम्य काय, ते मुलांनाच शोधू द्या. कॉम १ नाकारले जाते आणि कॉम १० चालते, यावरून त्यांना काय सुचते तेही विचारा. (पूर्वी संगणकाला जोडायच्या जोडण्यांना १ ते ९ असे क्रमांक राखीव होते.) ‘नल’ हे उपकरण तर गमतीचेच आहे. त्यात जे टाकाल ते नाहीसे होते. शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर त्यावरही हीच नावे देऊन पाहा. तिथे सगळी चालतील. म्हणजे ही बंदी निसर्गाचा नियम नाही, कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे, हे मुलांना आपोआप कळेल.

कारण कळल्यावर मी त्या मुलीला गाठले. तोवर ती शेवटच्या वर्षाला होती. सगळी हकिकत तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, “म्हणजे सर, मी प्रिंटरचं नाव फोल्डरला देत होते! त्या दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.”

तिचे म्हणणे बरोबर होते. पुढच्या वेळी कुणी विद्यार्थी ‘माझंच चुकतंय’ म्हणाला, तर आधी पडद्यावरचा संदेश त्याच्याबरोबर मोठ्याने वाचायचा, एवढे मी ठरवून टाकले आहे.