मेंटॉरची कुळकथा

नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात कुणाकडे तरी बोट दाखवून सांगतात, 'हे तुमचे मेंटॉर.' २०२१च्या टी-२० विश्वचषकात धोनी भारतीय संघाचा मेंटॉर होता, तेव्हा हा शब्द क्रिकेटच्या गप्पांतही रुळला.

मुळात हे एका माणसाचं नाव. होमरच्या 'ओडिसी'तला मेंटॉर हा इथाका बेटावरचा वयस्क गृहस्थ. ट्रॉयच्या युद्धावर जाताना ओडिसियसने घरदार त्याच्या हवाली केलं. राजा वीस वर्षं परतला नाही. राणीशी लग्न करायला टपलेल्यांनी वाड्यात ठाण मांडलं आणि म्हाताऱ्याला ते काही रोखता आलं नाही. एकदा भरसभेत उठून त्याने गप्प बसलेल्या गावकऱ्यांना खडसावलं, तर त्यालाच दटावून गप्प केलं. ओडिसियसच्या एकाकी मुलाच्या बाजूने तो बोलला, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

पण शब्दात जो अर्थ उतरला, तो अथेना देवीमुळे. मेंटॉरचं रूप घेऊन ती वडिलांच्या शोधात निघालेल्या राजपुत्र टेलेमॅकसबरोबर जहाजात बसली. पायलॉसच्या किनाऱ्यावर काळ्या बैलांचे बळी चालले होते, समोर वृद्ध राजा नेस्टर. पोराचे पाय अडखळले: एवढ्या थोर माणसाशी बोलायचं कसं? मुलाखतीच्या खोलीबाहेर ताटकळलेल्या कुणालाही ही धडधड ठाऊक असेल. काही तुझं तुला सुचेल, काही देव सुचवेल, एवढं सांगून ती पुढे चालू लागली. वडिलांची चौकशी मात्र तिने त्यालाच करू दिली.

नावाचं सामान्यनाम व्हायला फ्रान्स गाठावा लागला. चौदाव्या लुईच्या नातवाचे शिक्षक फेनेलॉन यांची टेलेमॅकसवरची कादंबरी १६९९मध्ये आली. तिच्यात मेंटॉर पानोपानी उपदेश करतो. आपल्यावरच टीका आहे असं वाटून राजा संतापला, पुस्तक मात्र युरोपभर वाचलं गेलं. अठराव्या शतकात शब्द फ्रेंच-इंग्रजीत रूढ झाला. त्याचं मूळ विचार करणं या अर्थाच्या धातूत, म्हणजे आपलं 'मन', 'मंत्र' आणि लॅटिनमधून आलेला वर्गातला 'मॉनिटर' हे त्याचे भाऊबंद.

फेनेलॉनपेक्षा मला होमरची अथेना जवळची वाटते. पायलॉसला मुलाला वाचा फुटली, त्याच संध्याकाळी ती सगळ्यांदेखत पक्षी होऊन उडून गेली. पुढे स्पार्टाच्या वाटेवर टेलेमॅकसच्या रथात नेस्टरचा तरुण मुलगा होता.